माश्यांचा सत्कार

सकाळी रेणूच्या पेटीतल्या मधमाश्या उठल्या आणि शेजारच्या नागेंद्रच्या ट्रॅक्टरवर, स्टिअरिंगला घागरीएवढा घोस करून लोंबल्या.

"माझ्या ट्रॅक्टरवर बसल्या म्हंजे माझ्याच," म्हणत नागेंद्रनं दुपारपर्यंत चिटगुप्प्याहून नवी पेटीही आणली.

रेणूची सासू म्हाळसाबाई रिकाम्या पेटीत डोकावली. "सांजेपर्यंत आल्या तर आल्या. न्हाई तर ह्यात कोंबडी ठेवते. ती तरी घरी थांबती."

गावातली भांडणं मिटवणाऱ्या बसवंतप्पांनी निवाडा केला. "दोघंबी पेट्या मांडा. ज्याच्या पेटीत शिरतील, त्याच्या माश्या. माश्यांना ना कन्नड येतं ना मराठी, म्हणून वशिला चालायचा न्हाई."

रेणूनं परसातला गवती चहा उपटून जुन्या पेटीला आतून चोळला.

"माश्यांना चहा पाजायलीस?" सासूनं विचारलं.

"आत्या, घरच्यांना बोलवताना माशीच्या अंगातून असाच वास सुटतो. बिदरच्या शिबिरात सांगितलंय."

"मग नवऱ्यालाबी चोळ जरा. सांजंला घरी येईल."

नागेंद्र पाहुणचारात कमी पडणारा नव्हता. त्यानं पेटीला हार घातला, शाल पांघरली, वर नारळ ठेवला आणि आत पिकली केळी कुस्करली, दोन्ही हातांनी.

रेणूला राहवलं नाही. "अण्णा, केळी काढा. डंख मारताना माशी असाच वास सोडती. तो आला की बाकीच्यांना वाटतं, भांडण लागलंय."

"माझ्या पाहुण्यांना काय वाढायचं ते तू सांगायलीस?" नागेंद्र म्हणाला आणि केळ्यानं माखलेले हात जोडून घोसाला आमंत्रण द्यायला गेला.

पहिल्या माशीनं अंगठ्यावर डंख मारून केळ्याच्या वासात आणखी केळ्याच्या वासाची भर घातली. मग बाकीच्या आल्या. नागेंद्र जनावरांच्या हौदात उतरला आणि नाक वर काढून म्हणाला, "अप्पा, हे धरू नका. ही रंगीत तालीम हुती."

तोवर घोस सुटून हवेत घोंगावत होता. चार माश्या जुन्या पेटीच्या दारात उतरल्या, बूड वर करून पंख फडफडवू लागल्या, आणि पोत्यातून ज्वारी ओतावी तशा बाकीच्या आत ओतल्या. बसवंतप्पांनी निकाल द्यायला उघडलेलं तोंड मिटलं.

म्हाळसाबाईनं नव्या पेटीवरची शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली आणि नारळ तिच्या हातात दिला. मग हौदाकडं वळली. "नागेंद्रा, ही पेटी लागती का तुला?"

हौदातून बुडबुडे आले.

"न्हाई म्हणायलाय," म्हाळसाबाई म्हणाली आणि हार घातलेल्या पेटीत कोंबडी सोडली.