दोन वॉशर

बारक्या पंचेचाळिशीला टेकला होता, पण मोठ्या बहिणीच्या सायकल दुकानात पाऊल टाकलं की पुन्हा बारक्याच व्हायचा. त्या सकाळी तो वडिलांची सायकल ढकलत आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, हिचा आवाज तरी घालव, नाहीतर सोमवारी भंगारात देतो. ती टकटक ऐकून डोकं उठतं."

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दुकान तिच्या वाट्याला आलं आणि सायकल बारक्याच्या, ज्याला साधी चेन चढवता येत नव्हती.

अण्णांचा कान म्हणजे कान होता. गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळायच्या आत ते सांगायचे, चाकातले छर्रे गेलेत. आणि याच माणसाची स्वतःची सायकल वर्षानुवर्षं टकटकत होती. कुणी चिडवलं की म्हणायचे, "माझ्यासारखीच आहे, कुरकुरल्याशिवाय चालत नाही." तिला हात लावायची मात्र कुणाची टाप नव्हती.

आधी आवाज मोजायचा, मग सायकल उघडायची, ही त्यांची शिकवण. ताईने सायकल नुसती ढकलून पाहिली. ती गप्प. म्हणजे चाकं ठीक. मग तिने गल्लीत फेरी मारली. कट. पायडलच्या दर फेरीला एकदाच, उजवा पाय खाली जाताना. चेनची कडी अडकत असती, तर आवाज दोन-तीन फेऱ्यांनी आला असता. सीटवरून उठून चालवली, तरी कट; म्हणजे सीटही नाही. उतरून तिने दोन्ही पायडलं आडवी धरून जोर दिला, तर उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, केसभर हलला.

"कॉटर ढिली आहे," ती म्हणाली. क्रँक जागेवर धरून ठेवणारी ती बोटभर पिन. "पाच मिनिटांचं काम."

नट निघाला. खाली एकाऐवजी दोन वॉशर होते. दुसरा वेडावाकडा, पत्र्याचा, कडेला हिरवा रंग. ताईने तो उजेडात धरला.

तो पत्रा तिच्या कंपासपेटीचा होता. ती अकरा वर्षांची होती, अण्णांचं बोट सुजलं होतं आणि तिने हट्टाने ही पिन बसवली होती. तिचं पहिलं काम. कानस जास्त चालली, पिन फार आत घुसली, नट टेकेना. मग तिने झाकण कापून वॉशर केला आणि गुपचूप घातला. अण्णांनी नट चाचपला आणि म्हणाले, "झकास." ती आठवडाभर हवेत होती.

त्यानंतर अण्णांनी चेन बदलली, फ्रीव्हील बदललं, डावीकडची पिनही बदलली. ही तेवढी ठेवली. दर रविवारी पाना घेऊन तो नट आवळत बसायचे. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा.

तिने बारक्याला सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते तिने लपवलं नाही. मग नाक पुसून खणातून नवी पिन काढली.

"राहू दे," बारक्या म्हणाला. "जुनीच घाल."

"अरे, पुन्हा टकटकेल."

"टकटकू दे." त्याने तो हिरवा पत्रा उचलून ताईच्या हातात ठेवला. "नट रविवारीच आवळायचा ना? किती नंबरचा पाना लागतो?"

ताईने अण्णांचा पाना खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला आणि कुठल्या बाजूला फिरवायचा ते दाखवलं.