मेंढरांच्या पसंतीचा सायलेन्सर

मी एक जुना सायलेन्सर आहे, मित्रांनो. नावावरून तुम्हाला वाटेल की मी गप्प बसणारा. तसं नाही. मी दुसऱ्याला गप्प बसवतो. इंजिनाच्या पोटात सारखे स्फोट होत असतात. ते सगळे आधी माझ्यापाशी येऊन ओरडतात आणि मग सभ्य होऊन जगासमोर जातात. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार जे काम करतं, तेच मी गाडीखाली करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, आत भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्या आणि मोकळ्या जागेत लोकरीसारखा दिसणारा काचेचा कापूस कोंबला. लोकरीशी माझा पुढे एवढा संबंध येणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. शेवटी एका साहेबांनी मला हातोडीने दोनदा ठोकून पाहिलं आणि ‘ठीक’ असा शिक्का मारला. पुढची कित्येक वर्षं माझं एवढंच कौतुक झालं.

मला एका लाल गाडीखाली लटकवलं. ही गाडी दिसायला लहान, पण पोटात टर्बो. पाय दाबला की ती अशी सुटायची, की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काचेवर जाऊन बसायची. तिचे मालक सिद्धराम. सोलापुरात एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी आणि जुळे सोलापूर या भागात फ्लॅट. गाव मंगळवेढ्याच्या पुढे माळावर. घरचा धंदा मेंढरांचा. सिद्धरामचं सगळं लहानपण मेंढरांच्या मागे, मेंढरांच्या वेगाने गेलं होतं. म्हणून मोठेपणी त्याला वेगवान गाडी हवी होती. हे मला तर्काला धरून वाटतं.

दर रविवारी तो मला घेऊन वस्तीवर जायचा. म्हणजे गाडी घेऊन जायचा, मी खाली होतोच. डिकीत मेंढरांच्या खुराकासाठी हरभऱ्याच्या चुणीचं पोतं असायचं. माळावर वळलो की मी माझ्या ठरलेल्या आवाजात ‘घुर्रर्र’ करायचो आणि लांब चरणारी मेंढरं माना वर करायची. मग सगळा कळप आमच्याकडे धावत सुटायचा. मित्रांनो, रस्त्यावर मला पाहून कुणी कधी मान वळवली नव्हती. इथे पन्नासेक जण धावत येत होते. ते चुणीसाठी येत होते हे मला माहीत होतं. पण कुणी धावत आलं की कारण विचारू नये.

कळपाचा पुढारी एक माडग्याळी जातीचा मेंढा. नाक पोपटासारखं, चाल ऐटीची. त्याचं नाव सरपंच. तो निवडून आलेला नव्हता.

सिद्धरामचे वडील धुळाआबा. त्यांची हाक पूर्वी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. ते नुसतं ‘हुर्रर्र य्या’ म्हणाले की आपली मेंढरं तर यायचीच, शेजाऱ्यांचीही अर्ध्या वाटेपर्यंत येऊन ओशाळून परत जायची. मग आबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता ते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ओठांकडे बघायचं. मेंढरांना ओठ वाचता येत नाहीत. म्हणून आबा काठी घेऊन पुढे चालायचे आणि कळप मागे. पांगलेला कळप हाक मारून गोळा करणं मात्र बंद झालं. सिद्धरामच्या आई मायाक्का हाका मारून बघायच्या, पण त्यांच्या हाकेला फक्त कोंबड्या यायच्या.

आता माझ्या पडत्या काळाकडे येतो.

एकदा सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलला सिद्धरामचा मित्र महेश्वर शेजारी दुचाकीवर येऊन थांबला. त्याने वाकून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “काय बे सिद्ध्या, टर्बो म्हणं. गाडी हाय का शिलाई मशीन बे ही?”

“स्पीड बघ की तिचं.”

“स्पीड काय कानाला दिसतंय का? चालू हाय का बंद, तेच कळंना झालंय मला.”

सिद्धराम हसला. पण त्या दिवशी त्याने गाडी सोसायटीत लावली, खाली वाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, कौतुक करतोय.

पुढच्याच आठवड्यात आम्ही बसप्पांच्या गॅरेजमध्ये होतो. बसप्पा अक्कलकोटकडचे. येणाऱ्याला कानडीत ‘बर्री, बर्री’ म्हणून आत घेतात आणि गिऱ्हाइकाला हवं तेच बोलतात. त्यांनी खोक्यातून नवा एक्झॉस्ट काढला. चकचकीत स्टील, तोंड माझ्या दुप्पट आणि पोटात जवळजवळ काहीच नाही. मी दार असेन तर हा नुसती चौकट होता.

“हे बसवलं की फुडचा माणूस आपसूक बाजूला व्हतोय बघा,” बसप्पा म्हणाले.

“आवाज लई मोठा न्हाय ना?”

“मोठा न्हाय हो. भारी.” मग बसप्पांनी आवाज जरा खाली घेतला. “फक्त पोलिसाम्होरं पाय हळू ठेवा. पकडलं तर गॅरेजचं नाव घ्यायचं न्हाय.”

गाडी वर उचलली. माझे नट गंजले होते. बसप्पांनी त्यांवर तेल फवारलं, पाना लावला, शिव्या दिल्या आणि पुन्हा तेल फवारलं. मी होता होईल तेवढा धरून राहिलो. पण मला तोलून धरणारी रबरं एकेक करून निघाली तेव्हा मी खाली आलो. माझ्या जागी तो नवा चढला, सांध्यातून वारा जाऊ नये म्हणून नवं गॅस्केट लागलं, क्लॅम्प आवळला. गाडी सुरू झाली आणि गॅरेजसमोरच्या हातगाडीवरची केळी हलली. सिद्धरामच्या तोंडावर असं हसू होतं, की मला त्याचा राग येईना.

मला तिथेच भंगारात टाकायचं ठरत होतं. तेवढ्यात मायाक्कांचा फोन आला आणि सिद्धरामने त्यांना हे सांगितलं.

“टाकतूस कशाला? आपल्या गाडीचंच हाय न्हवं ते? आण की हिकडं.”

“आये, काय करनार तू त्याचं?”

“ते आल्यावर ठरवू.”

मायाक्का काही टाकत नाहीत. त्यांच्याकडे तुटलेल्या छत्रीच्या काड्यांचीही एक पिशवी आहे. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी मंगळवेढ्याला जाणाऱ्या टेम्पोतून मी कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर निजून वस्तीवर पोचलो. रात्री मेंढरं कोंडायला दोरीच्या जाळीचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. मायाक्कांनी मला उभं गाडलं आणि वाघरीचा खांब केलं. ज्याने वेगाचं वारं पोटात घेतलं, तो आता एका जागी उभा राहून कोकरांच्या अंग घासायच्या कामी आला. एक कोंबडी रोज माझ्या डोक्यावर बसून विचार करायची. माझ्या नळीत एक सरडा राहायला आला. भाडं वगैरे काही बोलणं झालं नाही.

मग रविवार आला.

उन्हं कलली होती. आबा कळप घेऊन नुकतेच परतले होते, लहान कोकरं वाघरीत होती आणि मोठी मेंढरं बाहेर पाणी पीत होती. लांबून ढग गडगडल्यासारखा आवाज आला. आभाळ तर स्वच्छ होतं. मायाक्का म्हणाल्या, “कुनाचा टॅक्टर बिघडला म्हनावं?”

तो आमचा सिद्धराम होता. वस्तीच्या तोंडाशी येऊन त्याने हौसेने पाय दाबला आणि सोडला. नव्या एक्झॉस्टने फाट् फाट् असे बार काढले.

सरपंचाने मान खाली घातली. कुणीतरी नवा मेंढा आला आहे, आवाज मोठा आहे आणि तोंड मागच्या बाजूला आहे, एवढाच त्याचा समज झाला असावा. तो धावत आला आणि त्याने गाडीच्या मागच्या बंपरला अशी टक्कर दिली, की बंपरला तडा गेला आणि डिकी आपोआप उघडली. घाबरून सिद्धरामचा पाय पुन्हा दाबला गेला. पुन्हा बार. या वेळी सरपंचही उधळला, आणि पुढारी पळाला म्हणताना सगळा कळप माळावर चारी दिशांना फुटला. डिकीतलं चुणीचं पोतं उघडं पडलं होतं. त्याच्याकडे एकीनेही वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, इथपर्यंत मला मनातून बरं वाटत होतं. पण आबांचा चेहरा पाहिला आणि ते बरं वाटणं गेलं.

आठवड्यापूर्वी ओढ्यापलीकडे लांडगे दिसले होते. दिवस मावळायला आला होता. आत कोकरं ओरडत होती आणि त्यांच्या आया माळावर कुठल्या कुठे गेल्या होत्या. कुत्रा एकीला वळवायचा तर दुसरी निसटायची. मायाक्का हाका मारत होत्या. कोंबड्या आल्या.

आबा उंचवट्यावर चढले. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, मान मागे टाकली, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा तसंच केलं. वारा सुटल्यासारखं काहीतरी ‘हऽऽ’ झालं आणि त्यांच्या पायाशीच राहिलं.

सिद्धराम गाडीजवळ उभा राहून ते बघत होता. सात रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज त्याने विकत आणला होता आणि हवा तेव्हा त्याला तो बंदही करता येत होता. त्याने किल्ली फिरवली. आता फक्त कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

“आबा, मी पळत जाऊन वळवून आनतो,” तो म्हणाला.

आबांनी मान हलवली. ते खाली उतरले आणि सरळ माझ्याकडे आले. कोंबडीला हाताने बाजूला केलं, वाघरीची दोरी सोडली आणि मला दोन्ही हातांनी हलवून हलवून जमिनीतून उपटलं. मग मला सिद्धरामच्या पायाशी ठेवलं आणि काठीने माझ्यावर दोनदा टक् टक् केलं. कारखान्यातल्या साहेबांनी ठोकलं होतं तसंच.

सिद्धरामने बाह्या सरसावल्या. मग म्हणाला, “आये, बारदान भिजवून आन. लवकर.”

त्याने जॅक लावला, चाकांना दगड लावले आणि आडवा होऊन गाडीखाली शिरला. नवा एक्झॉस्ट तापून लाल व्हायचाच काय तो बाकी होता. ओलं बारदान गुंडाळून धरलं तरी सिद्धरामची बोटं भाजली. मायाक्का खाली वाकून सूचना देत होत्या.

“त्या नटाला उलटा फिरीव.”

“आये, तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला न्हाय कळत. पन सुलटा फिरवत बसलाईस, तवा तुला तरी कुटं कळतंय?”

गॅस्केट नव्हतं, म्हणून सांध्यावर पत्र्याची पट्टी गुंडाळून वर मायाक्कांच्या साठ्यातली तार आवळली. रबरं बसली. मी पुन्हा माझ्या जागी आलो.

किल्ली फिरली. आधी माझ्यातून माती उडाली. मग सरडा बाहेर आला, त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो निघून गेला. मग मी माझ्या आवाजात बोललो. आवाज थोडा घोगरा होता, सांध्यातून वारा जात होता. पण तो माझा होता. घुर्रर्र.

काही झालं नाही. कोकरं ओरडत राहिली. आबा पुन्हा उंचवट्यावर जाऊन ताठ उभे होते. सिद्धराम पाय अगदी हलका ठेवून, काचेतून बाहेर न बघता बसला होता.

मग मायाक्का म्हणाल्या, “ती बघ. ती बघ की रं!”

बाभळीमागून एक मेंढी आली. तिच्यामागे दोघी. मग ओढ्याच्या बाजूने घोळका. अंधारायच्या आत सगळा माळ आमच्याकडे चालत येत होता. सरपंच सर्वांत शेवटी आला. त्याने माझं तोंड हुंगलं, ओळख पटली, आणि काही घडलंच नाही अशा थाटात चुणीकडे गेला. आबांनी वाघरीच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत मोजदाद केली आणि शेवटी काठी जमिनीवर टेकवली. म्हणजे सगळी आली.

सोमवारी आम्ही बसप्पांकडे होतो. त्यांनी तार पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, “हे परत कशाला?”

“मेंढरांना चालत न्हाय.”

“असं व्हय,” बसप्पा म्हणाले. “बाकीचे बायकोला चालत न्हाय म्हणून येतात.” आणि त्यांनी मला नवं गॅस्केट आणि नवे नट घातले.

नवा एक्झॉस्ट आता माझ्या जागी वाघरीचा खांब आहे. त्याच्या चकाकीत पाहून मायाक्का कुंकू सारखं करतात. सरपंच रोज सकाळी त्याला एक टक्कर देतो. महेश्वर अजून मला शिलाई मशीन म्हणतो.

बसप्पांकडून निघताना सिद्धरामने मोबाइल माझ्या तोंडाशी धरून माझा आवाज भरून घेतला होता. ऑपरेशननंतर आबांनी फोन वापरला नव्हता, बोलताच येत नाही तर कशाला? आता त्यांच्या कमरेला फोन आहे आणि त्याची रिंग म्हणजे मी. कर्ज हवं का विचारणाऱ्यांचा फोन आला तरी कळप गोळा होतो, एवढी एक अडचण आहे.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की सिद्धराम पार्किंगमध्ये डिकीला टेकून आबांना फोन लावतो. तिकडे तो वाजत राहतो. आबा उचलत नाहीत. उचलला तर मेंढरं थांबतील. सिद्धराम पुन्हा लावतो, पुन्हा वाजू देतो. मग थोड्या वेळाने आबांचा एक मिस्ड कॉल येतो. म्हणजे सगळी आली. तेव्हाच तो जिना चढून घरी जातो.

मित्रांनो, मला फार काही नको. तुमच्या गाडीखाली माझा कुणी भाऊबंद लटकत असेल तर कधीतरी वाकून बघा. रबर तुटलं असेल, नट ढिला झाला असेल. त्याला काढायचंच असेल तर काढा, पण त्याच्या आवाजाची वाट कुणी बघत नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. आणि तुम्ही केलेला एखादा फोन संध्याकाळी नुसता वाजतच राहिला, कुणी उचललाच नाही, तर लगेच रागावू नका. तिकडे मेंढरं येत असतील.