उशिरा पोचलेला आकडा

मित्रांनो, मी हवेचा दाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा आकार, एके काळी पांढरा असलेला रंग आणि खालच्या बाजूला हवा आत घेणारी बोटभर नळी. सध्या मी पनवेलजवळ, पळस्पे फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझी हकीकत सांगताना मला लाज वाटते, तरीही ती सांगितलीच पाहिजे.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे मला काचेच्या पेटीत ठेवून पेटीतली हवा हळूहळू काढून घेतली. दाब जसजसा उतरला तसतसा मी तो बिनचूक सांगितला. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. त्या दिवशी मला वाटले, आपण खोटे बोलणे शक्यच नाही!

या कॉलेजात अनुयाताई चक्रीवादळांवर संशोधन करत. त्यांनी किनाऱ्यावर माझ्यासारखी चार यंत्रे बसवली. मला उरणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळ्यांच्या गावात, मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर, एका लोखंडी दांड्यावर जागा मिळाली. माझी देखभाल दिनानाथकाकांनी आपणहून अंगावर घेतली. सारे आयुष्य त्यांनी समुद्रावर काढले होते. आता होडी त्यांचा मुलगा कमळाकर चालवत असे.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारले, "बाय, ह्या डब्याला वादल दिसतंय काय?"

"नाही, काका. हा फक्त इथल्या हवेचा दाब सांगतो. वादळ जवळ आलं की दाब उतरतो. मी संगणकात सगळ्या समुद्रावर तुमच्या जाळ्यासारखे चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनात आत्ताची हवा भरायची. मग गणित करून थोडं पुढे जायचं, परत थोडं पुढे. असं करत करत उद्या वादळ कुठे असेल ते कळतं."

"आनि आत्ताचीच हवा चुकीची भरली तर?"

"तर उद्याचं सगळंच चुकतं."

काकांनी मान डोलावली. "म्हंजे पयली गाठ चुकली का सगला जाला वाकडा."

त्यांना एवढे पुरले. खाऱ्या वाऱ्याने माझ्या नळीच्या तोंडावर मीठ धरत असे. दर आठ दिवसांनी काका शिडी चढून येत, गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने नळी पुसत आणि जुन्या दाढीच्या ब्रशने तिची जाळी साफ करत. एका वर्षी चक्रीवादळ आमच्याकडे न येता उत्तरेला वळेल, असे ताईंच्या गणिताने दोन दिवस आधी सांगितले आणि ते खरे ठरले. ताई गावात पेढे घेऊन आल्या. दसऱ्याला कमळाकरची बायको वेणू होडीची पूजा करून गच्चीवर आली आणि तिने मलाही झेंडू वाहिला. मित्रांनो, तेवढाच काय तो माझा मान.

पुढे प्रकल्पाला मिळणारा पैसा बंद झाला. तीन यंत्रे एकामागून एक बिघडली. त्या किनाऱ्यावर मी एकटाच उरलो. मे महिन्यात काका शिडीवरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांनी कमळाकरच्या फोनवरून ताईंना कळवले. हे मला पुढे ताईंच्याच तोंडून ऐकायला मिळाले.

"बाय, मना आता शिडी चढवत नाय. डबा पुसायला कोनाला तरी पाठव."

"पाठवते, काका. तुम्ही आधी बरे व्हा. आकडे तर नीट येतायत."

आकडे येत होते, हे खरे. म्हणूनच कोणी आले नाही. ताई एकट्याच सगळे काम ओढत होत्या. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता पाच महिने गेले. माझ्या नळीत मिठाचा बूच बसला. हवा आत यायची, पण गाळून गाळून, उशिराने. बाहेर दाब उतरला तरी माझ्या पोटात काही तासांपूर्वीची जुनी हवा कोंडलेली असे आणि मी तिचाच आकडा पाठवत असे. मी साफ बंद पडलो असतो, तर संगणकाने मला बाजूला टाकले असते. अगदी वेडावाकडा आकडा दिला असता, तरी टाकले असते. पण मी थोडेसेच खोटे बोलत होतो, आणि थोडे खोटे कुणाला ओळखू येत नाही.

ऑक्टोबरात चक्रीवादळ आले. सरकारी इशारा वेळेवर मिळाला. समुद्रावरच्या सगळ्या होड्या आदल्या दिवशीच परतल्या. कमळाकरची होडी मात्र धक्क्याजवळ उघड्यावर होती. ती आत, खारफुटीच्या आडोशाला नेऊन बांधायची होती. सकाळी तो माझ्या शेजारी गच्चीवर उभा राहून ताईंशी बोलला. फोनचा आवाज मोठा होता.

"ताई, किती वेल हाय आमच्याकडं?"

"संगणक म्हणतोय, तुमच्याकडे जोर चार वाजल्यानंतर. पण तुम्ही चारची वाट बघू नका. बाराच्या आत घरी या."

"बारा कशाला, मी अकराला घरी आसन."

आकाश काळवंडले होते, पण वारा अजून बेताचा होता. कमळाकर होडी घेऊन साडेनऊला निघाला. तेव्हा बाहेरचा दाब धाडधाड कोसळत होता आणि मी पहाटेचा आकडा सांगत होतो. मला ओरडता आले असते तर! साडेदहाला वाऱ्याने सोसायटीच्या पडवीचे पत्रे उचलले. खाडीचे पाणी उभे राहिले. होडी तिसऱ्या दिवशी खारफुटीत उलटी सापडली. कमळाकर चौथ्या दिवशी.

दहा-बारा दिवसांनी अनुयाताई आल्या. त्यांनी मला काढून नळी उघडली आणि आतले मीठ तळहातावर घेतले. मग मला पिशवीत घालून त्या काकांच्या घरी गेल्या. काका खाटेवर होते. वेणू दारात बसली होती.

"काका, चूक वाऱ्याची नाही, माझी आहे. तुम्ही सांगितलं होतं. मी कुणाला पाठवलं नाही. एका फडक्याचं काम होतं हो."

काका छपराकडे बघत राहिले. "मी पडलो नसतो तर पुसला असता," ते म्हणाले. "मी का पडलो?"

वेणूने पिशवीकडे बघितले.

"मॅडम, तो डबा घेऊन जा. तुमचा राग नाय मना. पन तो घरात नको."

"मी नवीन यंत्र आणून बसवते, वहिनी. दर आठवड्याला मी स्वतः येईन."

"बसवाल. पन त्यावर इस्वास कोन ठेवनार?"

नवीन यंत्रासाठी ताईंनी तीन अर्ज केले. एकाचे उत्तर आले, की एवढ्या लहान कामासाठी तरतूद नाही. ताई अजून संगणकापुढे बसतात. पण गावातून आता फोन येत नाही, आणि आला तर काय सांगावे हे त्यांना ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन मोठमोठी गणिते कराल, वेगवान संगणक बनवाल. माझी एकच विनवणी आहे. ज्या लहानशा वस्तूच्या भरवशावर ते गणित उभे असेल, तिच्यापर्यंत एकदा स्वतः चालत जा. आकडे येत आहेत म्हणून ती ठीक आहे, असे समजू नका.

वादळांची नावे आधीच ठरवून ठेवलेली असतात म्हणे. म्हणजे पुढच्या वादळाचे नाव आज तयार आहे. सोसायटीच्या गच्चीवर मात्र नुसता लोखंडी दांडा उभा आहे.