आधी घरच्या लॅपटॉपवर

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बाहेर पडायची वेळ आली की ऑफिसातल्या प्रत्येकाला आपापल्या दुरुस्तीचा पुळका येतो. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं काम अचानक आजच्या आज आत घ्यायचं असतं. पण आत काय घ्यायचं हे ठरवायची ती रिलीजची प्रमुख, आणि तिचा नियम एकच: दुरुस्ती धोक्याची असेल तर आधी घरच्या लॅपटॉपवर घाला, चार दिवस वापरा, मग बोलायला या. निम्मे शूरवीर तिथेच गारद होत.

या खेपेला तिची गाठ पडली तिच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी. तो फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची ते पाहणाऱ्या भागावर काम करायचा. नात्यामुळे सगळं ऑफिस त्याला जावईबापू म्हणे आणि तो मनातल्या मनात दातओठ खाई. डिस्क काठोकाठ भरली की एखादी सेव्ह केलेली फाइल रिकामीच निघायची. हा बग त्याने महिनोन्महिने डोकं आपटून पकडला होता. दुरुस्ती आता राहिली तर थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर कुणाकुणाच्या फाइली जाणार, या विचाराने त्याचा जीव खरोखरच तुटत होता.

"जागा वाटायचा अख्खा भाग बदललाय तुम्ही," ताई म्हणाली. "आज हजारांत एखाद्याची फाइल जाते. उद्या सगळ्यांच्या गेल्या तर?"

"डोळे झाकून आत घ्या, ताई."

"घेते की. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर घालून दाखवा."

त्या लॅपटॉपवर बायकोचा शेवाळावरचा अख्खा प्रबंध होता. पण माघार घेतली तर जावईबापूंचं नाक कापलं जाणार. "जरा साफसफाई करतो," अशी थाप मारून त्याने दुरुस्ती घातली, आणि चार दिवसांनी लॅपटॉप काखेत मारून ताईपुढे हजर झाला.

"एक अक्षर हललेलं नाही!"

ताईने प्रबंध खालीवर पाहिला. "आधी प्रत काढून ठेवली होतीत?"

"म्हणजे काय! दोन ठिकाणी."

"आणि गेल्या वर्षीची आवृत्ती घातलीत तेव्हा?"

जावईबापूंनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. तेव्हा प्रत काढायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"लोक प्रत काढत नाहीत हो," ताई हसू दाबत म्हणाली. "आणि तुम्ही घाबरलात. आज तुमच्या दुरुस्तीतला, डिस्क भरत आल्याचा इशारा तेवढा घेते. बाकीचं पुढच्या वर्षी."

तो चडफडत घरी आला. ताईचं बरोबर होतं, याचाच त्याला राग आला होता. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

"मला कळलंच होतं," ती म्हणाली. "तू कधी साफसफाई केलीयस?"

"आणि प्रबंध गेला असता तर?"

"कसा जाईल? लग्न झाल्यापासून दर रविवारी मी त्याची प्रत आईकडे नेऊन ठेवते."

"लग्न झाल्यापासून? त्याआधी नाही?"

"त्याआधी मला कुठे ठाऊक होतं," ती म्हणाली, "की आपल्या फाइली तुझ्यासारखी माणसं सांभाळतात?"