कठडे नसलेल्या पुलावर

आमच्या इवामे गावच्या पुलाला कठडे नाहीत. बाहेरची माणसं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवतात, खाली उतरून कठडे शोधतात आणि मग आमच्याकडे अशा नजरेनं बघतात, की जणू आम्हीच ते भंगारात घालून आलो. कठडे मुद्दामच ठेवलेले नाहीत. वादळाच्या दिवसांत नदी पुलावरून वाहते आणि येताना डोंगरातली झाडं घेऊन येते. ती कठड्यांत अडकली की पूल गेलाच. म्हणून आमचा पूल ठेंगणा, सपाट आणि स्वभावानं नम्र आहे. नदी आली की बुडतो, ओसरली की वर येतो.

एवढा नम्र असूनही मागच्या वादळात त्याचा मधला भाग गेला. यंदा तो पुन्हा बांधून झाला. पाहण्याजोग्या रम्य पुलांची एक पुस्तिका निघणार होती, तिच्यासाठी उद्घाटनाला फोटोवालाही यायचा होता. गावप्रमुख मोरिओका तेव्हापासून रोज दाढी करू लागले.

नव्या पुलावरून पहिल्यांदा कुणी चालायचं, याची आमच्याकडे रीत आहे. एकाच घरातल्या तीन पिढ्यांची तीन जोडपी, तीही आपापल्या पायांनी. घर टिकतं तसा पूल टिकतो म्हणतात. आता पहिल्या पिढीचा माल आमच्या गावात मुबलक आहे. दुसरी पिढी तुरळक. तिसरी शहरात राहते आणि लग्नाचा विषय काढला की तिच्या फोनची बॅटरी संपते. जुळणारं घर सगळ्या गावात एकच निघालं, ओकितांचं. आजोबा हिसाकिची आणि आजी तोमिए, मुलगा मासानोरी आणि सून यायको, नातू शुन्गो आणि त्याची नवी बायको मिओ.

पूल मुळात बांधला तेव्हाही ओकिताच चालले होते. त्या वेळी हिसाकिची आणि तोमिए सगळ्यांत मागचं, तिसरं जोडपं होतं. आता ते सगळ्यांत पुढचं झालं होतं.

अडचण एवढीच, की अलीकडे तोमिएबाईंचं वय उलटं चालायला लागलं होतं. त्या मागे मागे जात विशीत पोचल्या आणि तिथेच रमल्या. विशीत त्यांचा नवरा लाकडांचा तराफा घेऊन नदीनं खाली गेलेला असायचा. त्याची वाट बघत त्या घरातल्या परक्या म्हाताऱ्याला मुळ्याचं लोणचं वाढायच्या आणि म्हणायच्या, “आजोबा, घरी काळजी करत असतील हो तुमची.” हिसाकिची म्हणायचे, “करत असतील.” आणि लोणचं खायचे. सून यायको मात्र त्यांना सासूबाई वाटायची. जिनं सासूपुढे जन्मभर मान वर केली नाही, तिच्यापुढे आता सासू पदोपदी वाकत होती. यायको म्हणते, तिला यात मुळीच आनंद झाला नाही. मी विश्वास ठेवतो.

उद्घाटनाच्या सकाळी सगळे पुलाशी जमले. तोमिएबाई घराण्याची मुद्रा असलेल्या काळ्या किमोनोत छान दिसत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या.

“मी नाही जायची,” त्या म्हणाल्या. “लग्न झालेली बाई मी. या आजोबांच्या शेजारून चारचौघांत चालू?”

“आजी, अगं, ते आपले आजोबाच आहेत!” शुन्गो म्हणाला.

“तुझे असतील. माझे कोण?”

मोरिओकांना घाम फुटला. त्यांनी हिसाकिचींना बाजूला घेतलं. “हिसाकिचीसान, माझी बहीण आहे ना, साधारण तोमिएबाईंच्याच उंचीची. किमोनो घालून उभी करू? फोटो लांबून काढायचा. कोण ओळखतंय?”

“परक्या बाईबरोबर पूल ओलांडू?” हिसाकिची म्हणाले. “या वयात?”

“मग रद्द करायचं का?”

“थांबा हो जरा. मला रीतभात काही नको. हिच्याबरोबर एकदा हा पूल चालायचाय, तेवढंच. पुढच्या वर्षी आमच्यातल्या कुणाचे पाय शिल्लक असतील सांगता येत नाही.”

मग ते बायकोसमोर गेले आणि परक्या माणसानं वाकावं तसे कमरेतून वाकले. “बाई, तुमचे हे पलीकडे येतायत म्हणे. मी तिकडेच निघालोय. सोबत हवी असली तर बघा.”

तोमिएबाईंनी नदीपलीकडे बघितलं. “आज येतायत?”

“असं ऐकलं.”

“मग येते.” आणि हळूच यायकोकडे डोळे करून म्हणाल्या, “पण हाताला हात लावायचा नाही. सासूबाई बघतायत.”

सगळ्यांत पुढे पुजारी निघाले. त्यांच्या डोक्यावर लाल छत्री धरायचं काम माझ्याकडे होतं. छत्री पुढे आणि कान मागे, असा मी चाललो होतो.

“तुम्ही काठानं का चालताय?” तोमिएबाईंनी विचारलं. “पडाल ना आजोबा.”

“सवय आहे.”

“आमचे हेही असेच. मला आतल्या बाजूला घालतात नि आपण काठानं चालतात.” वारा सुटला तशी त्यांनी हिसाकिचींच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. बाही म्हणजे हात नव्हे. “नदी खोल आहे का हो इथे?”

“छे. गुडघ्याएवढी.”

तोमिएबाई थांबल्या. मागची दोन जोडपीही थांबली. मीही थांबलो, त्यामुळे पुजारी छत्रीतून बाहेर गेले.

“या पुलावरून पहिल्यांदा चालताना ह्यांनीही अगदी हेच सांगितलं होतं,” त्या हिसाकिचींकडे निरखून बघत म्हणाल्या. “मी याच नदीकाठी वाढलेय. इथं दोन माणसं बुडतील एवढं पाणी आहे. पण मी काही बोलले नाही. म्हटलं, माझ्यासाठी एवढं खोटं बोलणारा माणूस बरा असणार.”

“मग? निघाला का बरा?”

“आहे बाई. बोलत नाही फारसा. पण बरा आहे.”

हिसाकिचींनी मान फिरवून नदीकडे बघितलं, ते बराच वेळ. जन्मभराच्या संसारात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडे टाळ्या झाल्या, रिवाजाप्रमाणे साके दारूचं पिंप फोडलं. तोमिएबाई मात्र रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“आले नाहीत,” त्या म्हणाल्या.

“तराफा अडला असेल कुठे,” हिसाकिची म्हणाले.

“नेहमीचंच.” त्यांचा आवाज जरा बारीक झाला. “आजोबा, मला परत घरी सोडाल? भात टाकायचाय.”

पहिल्या दिवशी पुलावरून मागे फिरायचं नाही, अशीही रीत आहे. वरच्या मोठ्या रस्त्यानं परत न्यायला मिनीबस उभी होती. मोरिओका हात पसरून आडवे आले. “बसमधून, बसमधून! मागे फिरणं अशुभ!”

“परक्या गाडीत मी नाही बसायची,” तोमिएबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी पुजाऱ्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातली छत्री आपल्या नाकापर्यंत खाली ओढली आणि आतून म्हणाले, “मला इथून काही दिसत नाही.”

दोघं पुलावर परत निघाले, मधे एका माणसाची जागा सोडून, बाहीचं टोक मात्र चिमटीत. थोडं गेल्यावर तोमिएबाईंनी मागे वळून बघितलं. यायको काठावर उभी होती. तिला समजलं. तिनं पाठ फिरवली आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. मग नवऱ्याला कोपरानं ढोसून वळवलं, मुलाला वळवलं, सुनेला वळवलं. ते बघून मोरिओकाही वळले. फोटोवाल्याला मी वळवला. अख्खं गाव डोंगर बघत उभं राहिलं, आणि त्या डोंगरात बघण्यासारखं काही नाही.

मी छत्रीच्या आडून बघितलं. कुणीतरी बघायला हवंच होतं.

सासूबाई बघत नाहीत याची तोमिएबाईंनी नीट खात्री करून घेतली. मग त्यांनी बाही सोडली आणि हिसाकिचींचा हात धरला.

“सावकाश चला,” त्यांचा आवाज वाऱ्यानं माझ्यापर्यंत आणला. “भात होईल नंतर.”