कुणाच्या मापाचा कोट

शिंपीदादांच्या बायकोच्या काखेत गाठ आली होती. कॅन्सर आहे की नाही, ते रिपोर्ट सांगणार होता. सोमवारी दवाखान्यातले म्हणाले, बुधवारी या. बुधवारी म्हणाले, आम्हीच फोन करू. आज शुक्रवार उजाडला, तरी फोन आपला ढिम्म.

त्या फोनकडे बघत दादा कोट बेतत होते. बत्तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, पण या आठवड्यात मती पार गुंग झाली होती. काल बायकोला विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर ती फिसकारली, "सारखं सारखं विचारू नका!" म्हणून आज तोंडाला कुलूप घातलं, तर म्हणे, "एका शब्दानं विचारवत नाही का?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! हसवावं की गप्प बसावं, काही केल्या कळेना. हिच्याशिवाय आपलं कसं होणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दुकानात काजं-बटणं तिच्याकडे. तिनं कापलेला तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि खांद्याला लावला.

"अहो, हे कुणाचं माप?"

"शाळेतल्या संगीताच्या बाईंचं. सुट्टीत थंड गावी चालल्यात ना. वहीत बघूनच तर…"

वही मिटलेलीच होती.

"बाई माझ्या दीडपट आहेत. हा मला अगदी बेतशीर बसतोय."

दादांनी टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं. तिचं माप त्यांनी कधी वहीत लिहिलंच नव्हतं. ते हाताला पाठ होतं, आणि आज हात आपल्या मनानंच चालले होते. दादा लहान मुलासारखे रडू लागले.

ती आधी हसली, मग तिचेही डोळे भरले. "बाईंना दुसरं कापड आणून देऊ. हा शिवाच. थंडीत लागेल मला."

"थंडीला अजून पाच महिने आहेत," दादा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"माहीत आहे. शिवणीतलं जादा कापड छाटू नका. बारीक झाले तर आवळून द्या, पुन्हा अंग धरलं तर सैल करायला नको का?"

पहिला खांदा निम्मा जोडून झाला आणि फोन वाजला. दादांचे पाय थबकले.

"मशीन थांबवू नका," ती उठत म्हणाली.

दादांनी पाय चालू ठेवले. टीप कुठे चालली आहे, ते त्यांना दिसत नव्हतं.