कडेचे बारीक आकडे

रद्दीच्या दुकानात मिळालेलं जपानी शिवणकामाचं मासिक नणंदेने माझ्यापुढे ठेवलं आणि एका साध्या, बिनकॉलरच्या ड्रेसवर बोट टेकवलं.

"वहिनी, हा शिवशील? सोमवारी नव्या नोकरीवर हाच घालेन म्हणते. आठ वर्षांनी घराबाहेर पडतेय, जरा बरी दिसू दे."

"त्यात काय! पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या."

"पण तुला जपानी कुठे येतं?"

"मला शिवण तरी कुणी शिकवलीय? चित्र बघायचं अन् कात्री चालवायची."

मासिकातला कागद उलगडला, तर एकावर एक पंधरा कपड्यांच्या रेघा. तिचं माप घेऊन त्यातून आमच्या ड्रेसच्या रेघा शोधून मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतल्या, तो कागद तिने आणलेल्या निळ्या सुती कापडावर ठेवला, मोठ्या ऐटीत कापलं आणि शिवलं.

मंगळवारी तिने घालून पाहिला. छातीवर अडकला. हात वर, डोकं आत, तशीच उभी राहिली बिचारी. आणि माझी जीभ! "माप तर मी नीट घेतलं होतं. तूच वाढलीस गं थोडी."

ड्रेसच्या आतून आवाज आला, "हो का?"

संध्याकाळी मासिक पुन्हा उघडलं. कापड कसं बेतायचं त्या चित्रात प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक आकडे होते. एक, दीड, खाली तीन. शिलाईसाठी रेघेबाहेर तेवढं कापड सोडायचं होतं. मी रेघेवरच कापलं होतं.

लगेच सांगायला हवं होतं. पण जेवायला बसल्यावर तिने पोळी बाजूला सारली आणि म्हणाली, "मला आज नुसती काकडी दे." मी दिली. बुधवारी दिली, गुरुवारी दिली. शुक्रवारी ती भिंतीला धरून उठली, तरी दिली.

शनिवारी सकाळी ती आरशापुढे पोट आत ओढून उभी होती. "आता बसेल ना गं?"

मी मासिक तिच्या हातात दिलं आणि आकड्यांवर बोट ठेवून सगळं सांगितलं. कधी कळलं, तेही.

तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. "चार दिवस मी काकड्या खाल्ल्या, वहिनी."

"हो."

"आणि तू त्या सोलून दिल्यास. वर मीठ लावून."

ड्रेस रुंद करायला दोन्ही बाजूंच्या शिवणीत घालायच्या पांढऱ्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, त्या पुढे केल्या. निळ्यात पांढरं शोभेल, असं काहीतरी पुटपुटले.

"शोभेल की नाही ते मी बघेन. आधी मला दोन पोळ्या वाढ. मग टेप आण, अन् या वेळी तोंड मिटून माप घे."

पोळ्या खाऊन ती हात पसरून उभी राहिली. मी टेप गुंडाळली. आधीच्या मापापेक्षा कंबर अर्धा इंच कमी भरली.

"किती आली?" तिने विचारलं.

मला पुन्हा काकड्या सोलायच्या नव्हत्या. मी जुनाच आकडा सांगितला.